अर्धेच वाचलेले भाकीत

सिकंदर म्हटले की आपल्यासमोर झेलमचा काठ उभा राहतो. पावसाळी रात्र, फुगलेली नदी, पलीकडे पोरसाचे हत्ती. शाळेच्या पुस्तकात तो आपल्याला असाच भेटला, आपल्या सीमेपर्यंत येऊन परत फिरलेला विजेता. पण त्याआधी सहा वर्षे, इ. स. पू. ३३२ मध्ये, हाच सिकंदर भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याने इजिप्तकडे चालला होता. त्या वाटेपासून आत, डोंगरात, जेरुसलेम नावाचे एक लहान नगर होते. ज्यू लोकांचे मंदिर तिथे होते. या लोकांनी सिकंदराला आपल्या स्मृतीत जी जागा दिली ती वेगळीच आहे. हा राजा येणार हे आपल्या धर्मग्रंथात आधीच लिहिलेले होते, आणि ते पान त्याला स्वतःला दाखवण्यात आले, अशी कथा त्यांच्यात रूढ झाली.

वाचकहो, या कथेत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ राजांचा नाही. एखादी गोष्ट घडणारच होती, तर ती करणाऱ्याच्या माथी दोष किंवा पुण्य कसे येते? आणि त्याहून जवळचा प्रश्न असा की, एखाद्या ग्रंथात, भविष्यात किंवा वडीलधाऱ्यांच्या शब्दात आपल्याला आपलेच चित्र दिसले, तर ते आपण कसे वाचतो?

आधी कथा पाहू. ती जोसेफस या ज्यू इतिहासकाराने इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली आहे. सिकंदर तेव्हा टायर नगराला वेढा घालून बसला होता. मराठी बायबलमध्ये या नगराला सोर म्हणतात, आपणही तेच नाव वापरू. वेढ्यातून त्याने जेरुसलेमचा मुख्य याजक यद्दूवा याला निरोप पाठवला: सैन्याला मदत पाठव, रसद दे, आणि इराणच्या दारियसाला देत होतास तो कर आता मला दे. यद्दूवाने नकार कळवला. दारियसाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही अशी शपथ आपण घेतली आहे, आणि तो जिवंत असेपर्यंत ती मोडणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. सिकंदर संतापला. सोर पडले, त्यानंतर गाझा पडले, आणि मग तो जेरुसलेमकडे वळला.

यद्दूवा घाबरला. त्याने लोकांना प्रार्थना करायला सांगितले. रात्री त्याला स्वप्नात आज्ञा झाली की नगर फुलापानांनी सजवा, दरवाजे उघडा, लोकांनी पांढरी वस्त्रे घालावीत, याजकांनी आपला विधीचा पोशाख करावा, आणि अशा रीतीने राजाला सामोरे जावे. नगराबाहेर, जिथून मंदिर दिसते अशा उंचवट्यावर, दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. एकीकडे लढून कसलेले सैन्य, दुसरीकडे पांढऱ्या कपड्यांतले निःशस्त्र लोक आणि पुढे निळ्या-सोनेरी वस्त्रांतला यद्दूवा, डोक्यावरच्या मुकुटाच्या सोन्याच्या पट्टीवर देवाचे नाव कोरलेले. सिकंदर एकटाच पुढे गेला आणि त्या नावापुढे त्याने लोटांगण घातले. त्याचे सरदार थक्क झाले. ज्याच्यापुढे सगळे वाकतात तो राजा एका याजकापुढे का वाकला, असे पार्मेनियनाने विचारले. त्यावर सिकंदराने सांगितले की आपण याजकापुढे नाही, त्याच्या देवापुढे वाकलो. मॅसिडोनियात असताना, आशियावर स्वारी करावी की नाही या विचारात असताना, याच पोशाखातला पुरुष आपण स्वप्नात पाहिला होता आणि त्याने पुढे जाण्याचा धीर दिला होता.

मग तो मंदिरात गेला, याजकांच्या सांगण्याप्रमाणे त्याने यज्ञ केला. तिथे त्याला दानीएलाचा ग्रंथ दाखवला गेला. त्यात लिहिले होते की एक ग्रीक इराण्यांचे साम्राज्य नष्ट करील. तो ग्रीक म्हणजे आपणच, असे मानून सिकंदर प्रसन्न झाला. दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना काय हवे ते मागायला सांगितले. त्यांनी मागितले ते फार थोडे होते: आपल्या पूर्वजांच्या नियमांप्रमाणे जगू द्यावे, आणि सातव्या वर्षी, जेव्हा धर्माज्ञेप्रमाणे जमीन पडीक ठेवायची असते, तेव्हा कर माफ असावा. त्याने मान्य केले.

कथा सुंदर आहे. ती घडली का? सिकंदराच्या स्वाऱ्यांची सविस्तर हकीकत एरियन, कर्टियस, डायोडोरस, प्लूटार्क यांनी दिली आहे, आणि त्यांच्यापैकी एकही जेरुसलेमच्या भेटीचा उल्लेख करत नाही. सिकंदर सोरहून गाझाकडे आणि तिथून इजिप्तकडे किनाऱ्यानेच गेला असे दिसते. दानीएलाचा ग्रंथ आज ज्या रूपात आहे ते रूप इ. स. पू. १६७ ते १६४ च्या दरम्यान पुरे झाले, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे सिकंदरानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. हा मुद्दा आधुनिक नाही. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्वज्ञानेच तो मांडला होता आणि जेरोमने त्याला उत्तर लिहिले होते. श्रद्धावान ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा मात्र ग्रंथ बॅबिलोनच्या बंदिवासातील दानीएलाचाच, म्हणजे सिकंदराच्या दोनशे वर्षे आधीचा मानते. हा वाद आपण इथे मिटवणार नाही. आपल्या चिंतनासाठी तो मिटण्याची गरजही नाही, कारण एका समाजाने आपल्या जेत्याबद्दल कोणती कथा जपली यातूनही पुष्कळ कळते.

शिवाय ही कथा कोण सांगतो आहे तेही पाहा. जोसेफस स्वतः रोमनांविरुद्ध लढला होता. इ. स. ६७ मध्ये गॅलिलीत तो पकडला गेला, तेव्हा त्याने रोमन सेनापती व्हेस्पासियनला सांगितले की तू सम्राट होणार आहेस. दोन वर्षांनी व्हेस्पासियन खरोखरच सम्राट झाला आणि जोसेफसच्या बेड्या निघाल्या. सन ७० मध्ये व्हेस्पासियनच्या मुलाने, टायटसने, जेरुसलेमचे मंदिर जाळले, आणि त्यानंतर रोममध्ये बसून जोसेफसने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. विजेत्याच्या हातात त्याचे भाकीत ठेवले की काय होते हे या माणसाने अनुभवले होते. सिकंदराची कथा लिहिताना त्याच्या मनात ते आले नसेल असे मला वाटत नाही. जगातला सर्वांत मोठा विजेता आमच्या देवाच्या नावापुढे वाकला होता, हे तो रोमन वाचकांना ऐकवत होता. त्या वेळी वाकायला मंदिर उरलेले नव्हते.

आता ते पान उघडून पाहू, जे सिकंदराला दाखवले गेले असे म्हणतात. दानीएलाच्या आठव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. इराणमधल्या शूशन नगरीत, नदीकाठी, दानीएलाला दोन शिंगांचा एक मेंढा दिसतो. त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. मग पश्चिमेकडून एक बोकड येतो, इतका वेगवान की त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या मधोमध एक ठळक शिंग आहे. तो मेंढ्यावर तुटून पडतो, त्याची दोन्ही शिंगे मोडतो, त्याला तुडवतो. पुढे गब्रिएल हा देवदूत अर्थ सांगतो: मेंढा म्हणजे मेदी आणि इराणी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, आणि मोठे शिंग म्हणजे त्यांचा पहिला राजा. सिकंदराचे नाव कुठेही नाही. ग्रीसला हिब्रूत शब्द आहे 'यावान'. आपला 'यवन' हा शब्द त्याचाच भाऊबंद. दोन्ही आयोनियातल्या ग्रीकांच्या नावावरून आले.

इथपर्यंतचे वाचून कोणताही विजेता खूष होईल. पण दृष्टांत इथे थांबत नाही. बोकड अतिशय प्रबळ झाला आणि तो बलाच्या शिखरावर असतानाच ते मोठे शिंग मोडले. त्याच्या जागी चार शिंगे उगवली, आणि त्यांपैकी एकातून एक लहान शिंग निघाले, ज्याने मंदिरावर हात टाकला. अकराव्या अध्यायात हेच पुन्हा येते: पराक्रमी राजा उठेल, त्याचे राज्य चार दिशांना फुटेल, आणि ते त्याच्या वंशजांकडे जाणार नाही.

जोसेफसच्या कथेतला सिकंदर मेंढा मोडण्यापर्यंत ऐकतो आणि प्रसन्न होतो. शिंग मोडण्याबद्दल त्याने विचारले, असे कथा सांगत नाही. याजकांनी ते त्याला वाचून दाखवले असेही सांगत नाही. दारात सैन्य उभे असताना पुढच्या दोन ओळी वाचण्याचे धैर्य कोणाला झाले असते? आणि ऐकणाऱ्यालाही आपले नाव सापडले की पुढे वाचायची घाई राहत नाही.

ही कथा खरी असो वा नसो, ती सिकंदराच्या स्वभावाशी जुळते, आणि हे ग्रीक आणि रोमन लेखकांच्या नोंदींवरून दिसते. भाकिते गोळा करण्याची त्याला हौस होती. प्लूटार्क सांगतो की डेल्फीला तो अशुभ दिवशी पोचला, तिथल्या भाकीत सांगणाऱ्या स्त्रीने त्या दिवशी बोलण्यास नकार दिला, तर त्याने तिला ओढतच मंदिराकडे नेले. ती वैतागून म्हणाली की तू काही ऐकणारा नाहीस, तुला कोणी जिंकू शकत नाही. झाले, तेवढे वाक्य त्याने भाकीत म्हणून उचलले. गॉर्डियमला एक गाठ होती. ती सोडवील तो आशियाचा स्वामी होईल अशी वदंता. बहुतेक लेखकांच्या मते त्याने ती तलवारीने कापली. सिवाच्या ओॲसिसमध्ये आमोन देवाच्या पुजाऱ्याने त्याला देवपुत्र म्हणून संबोधले आणि ते तो आयुष्यभर विसरला नाही.

प्रतिकूल भाकितांचे काय? आपल्याकडच्या बियासच्या काठावर, इ. स. पू. ३२६ मध्ये, थकलेल्या सैन्याने पुढे जायला नकार दिला. तेव्हा त्याने नदी ओलांडण्यासाठी यज्ञ केला, शकुन वाईट निघाले, आणि शकुनच वाईट आहेत म्हणून आपण परततो असे त्याने जाहीर केले. सैनिकांपुढे हार मानण्यापेक्षा देवापुढे मानणे सोपे होते. तीन वर्षांनी बॅबिलोनच्या वेशीवर खाल्डियन पुजाऱ्यांनी त्याला नगरात न शिरण्याचा इशारा दिला. तेव्हा त्याला आठवले ते नाटककार युरिपिडीसचे एक वचन, ज्यात उत्तम तर्क करणाऱ्यालाच उत्तम भविष्यवेत्ता म्हटले आहे. पुजाऱ्यांचा मंदिराच्या पैशात काही स्वार्थ असावा अशीही शंका त्याला आली. दुसऱ्या बाजूने शिरण्याचा थोडा प्रयत्न त्याने केला, दलदल आडवी आली, आणि तो गेला. इ. स. पू. ३२३ च्या जूनमध्ये, तेहतीसही पुरी नसताना, तो तिथेच तापाने वारला.

या सगळ्या प्रसंगांत धागा एकच दिसतो. अनुकूल शब्द देवाचा, प्रतिकूल शब्द माणसाचा. आपण याला हसू शकतो, पण जरा थांबून विचार करा. पत्रिकेतले राजयोग आपल्याला तोंडपाठ असतात आणि साडेसातीबद्दल आपण दुसऱ्या ज्योतिषाचे मत घेतो. सत्संगात अहंकारावर बोलणे निघाले की आपल्या मनात शेजाऱ्याचा चेहरा येतो आणि भक्ताची लक्षणे सांगितली जाऊ लागली की स्वतःचा. पान तेच, वाणी तीच, पण आपले बोट आपल्याला सोयीच्या ओळीवर थांबते.

इथे पहिल्या प्रश्नाकडे वळू. सिकंदर येणार हे जर लिहिलेले होते, तर त्याने केले ते देवाच्या इच्छेनेच केले, मग दोष कसला? हा युक्तिवाद फार जुना आहे. सिकंदराच्या पदरीही तो करणारा होता. समरकंदला दारूच्या नशेत त्याने क्लायटसला, एका लढाईत आपला जीव वाचवणाऱ्या मित्राला, भाल्याने भोसकले. मग तो दिवसचे दिवस रडत पडला. तेव्हा ॲनॅक्सार्कस नावाच्या तत्त्ववेत्त्याने त्याचे सांत्वन केले: देवांचा राजा जे करतो ते न्याय्य मानले जाते, तसे मोठ्या राजाने केलेलेही न्याय्यच मानावे. ही हकीकत सांगताना एरियन थांबतो आणि स्पष्ट म्हणतो की या माणसाने सिकंदराचे दुःखाहून मोठे नुकसान केले. मला एरियनचे म्हणणे पटते. त्या रडण्यात काहीतरी जागे होत होते, आणि तत्त्वज्ञानाने त्याला पुन्हा झोपवले.

दानीएलाचा दृष्टांत नीट वाचला तर तिथे बोकडाची स्तुती नाही. तो येईल, मोडील, माजेल, मोडला जाईल, एवढेच आहे. भाकीत ही नोंद असते, शिफारस नसते. घाटाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वळणाच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या दिसतात. एक चुकीच्या बाजूने भरधाव येते आहे, टक्कर होणार, हे त्याला चालकांच्या आधी कळते. त्याला कळले म्हणून टक्कर त्याने घडवली असे होत नाही, आणि चालकाची चूकही पुसली जात नाही. ज्यू परंपरेत हा विचार ठामपणे आला आहे. ईश्वराला सारे आधी दिसते, तरी माणसाला मोकळीक दिलेली आहे, असे दुसऱ्या शतकातले रब्बी अकिवा यांचे मत मिश्नेत नोंदलेले आहे. आणि त्याही आधी यशया संदेष्ट्याने अश्शूरच्या राजाबद्दल जे म्हटले ते तर थेट आहे: तो देवाच्या हातातली काठी होता खरा, पण कुऱ्हाडच तोडणाऱ्यापुढे बढाई मारू लागली, आणि म्हणून त्याचा हिशेब होणार होता. निमित्त होणे आणि निर्दोष होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे 'मी फक्त निमित्त' हे वाक्य नम्रतेने म्हणतात. ते जबाबदारी झटकण्यासाठी म्हटले जाऊ लागले की त्याचा अर्थ उलटा होतो.

सोरचेच पाहा. ते नगर किनाऱ्यापासून सुमारे पाऊण किलोमीटर आत, बेटावर होते. सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या नगराचे दगड आणि लाकूड समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांनी नगर घेतले. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात सोरचे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकली जातील असे आहे, आणि कित्येक श्रद्धावान या भरावाकडे बोट दाखवून ते भाकीत पुरे झाले असे सांगतात. यहेज्केल नाव घेतो ते बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सराचे, पण तो मुद्दा राहू द्या. मला खटकते ते दुसरेच. शब्द जुळल्याच्या आनंदात माणसे मोजायची राहून जातात. एरियनच्या आकड्यांप्रमाणे सोरचे आठ हजार लोक मारले गेले आणि तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले. कर्टियस म्हणतो की दोन हजार जणांना किनाऱ्यावर खांबांना खिळले. तो भराव अजून आहे. वाळू साचत गेली आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. लेबनॉनमधले आजचे सोर त्यावरच पसरले आहे.

आणि जेरुसलेम वाचले म्हणून देव त्यांच्या बाजूने होता असे म्हणावे, तर उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटरवर शोमरोन होते. तिथले लोकही मोशेचेच नियमशास्त्र मानणारे, जेरुसलेमवाल्यांशी मात्र त्यांचे वाकडे. त्यांनी सिकंदराने नेमलेला अधिकारी अँड्रोमाकस याला जिवंत जाळले असे कर्टियस लिहितो, आणि सिकंदराने सूड घेतला. १९६२ मध्ये जेरिकोच्या उत्तरेकडच्या एका ओसाड दरीतल्या गुहांत बदावी लोकांना पपायरसाचे तुकडे सापडले. पुढे उत्खननात स्त्री-पुरुष आणि मुलांचे अनेक सांगाडे निघाले, सोबत चटया, भांडी, दागिने. कागद शोमरोनमधले, इ. स. पू. चौथ्या शतकातले; त्यांत गुलामांच्या खरेदी-विक्रीचे दस्त बरेच. नगरातली सुस्थितीतली घराणी आपले दस्तऐवज घेऊन पळाली, गुहेत लपली आणि सैन्याने त्यांना तिथे गाठले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या लोकांबद्दल कोणी सुंदर कथा जपली नाही.

यद्दूवाचेही थोडे बोलले पाहिजे. मला या कथेत सिकंदरापेक्षा तोच जास्त विचार करायला लावतो. हरत चाललेल्या राजाला दिलेली शपथ त्याने जिंकत चाललेल्या राजासमोर मोडली नाही. त्या क्षणी तसे करण्यात काहीच फायदा नव्हता. पण पुढे त्याने दरवाजे उघडले तेव्हा दारियस जिवंतच होता. तो मेला त्यानंतर दोन वर्षांनी. मग शपथ राहिली की मोडली? शपथ शस्त्र न उचलण्याची होती आणि यद्दूवाने शस्त्र उचलले नाही, हे खरे. मात्र जोसेफस पुढे सहज सांगून जातो की सिकंदराने आपापल्या चालीरीती पाळून सैन्यात येण्याचे आवाहन केले आणि पुष्कळ जण गेले. तिथे मला शपथेला तडा गेल्यासारखा वाटतो. तरीही, हजारो लोकांचे प्राण एका माणसाच्या वचनावर टांगलेले असताना त्याने कुठवर ताणावे हे दूर बसून ठरवणे अवघड आहे. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते, याचा जरूर विचार करा, आणि उत्तर चटकन आले तर पुन्हा एकदा करा.

ज्यू परंपरेने सिकंदराला केवळ गौरवले नाही. एका लोककथेप्रमाणे त्या वर्षी जन्मलेल्या याजकांच्या मुलांची नावे अलेक्झांडर ठेवली गेली, आणि ते नाव ज्यूंमध्ये खरोखर रुळले. पूर्व युरोपातल्या ज्यूंत त्याचे 'सेंडर' झाले. पण बॅबिलोनच्या तालमुदात एक वेगळीच कथा आहे. सिकंदर एका झऱ्याकाठी बसला होता. खारवलेले मासे त्या पाण्यात धुतले तर त्यांना सुगंध येऊ लागला. हा झरा स्वर्गाच्या बागेतून येतो हे ओळखून तो उगमाकडे चालत गेला आणि बागेच्या दाराशी पोचला. दार उघडा, असे तो ओरडला. आतून उत्तर आले की इथे फक्त सज्जनांना प्रवेश आहे. मी राजा आहे, निदान काहीतरी द्या, असे त्याने म्हटले. त्याला एक डोळा दिला गेला. त्याने आपले सगळे सोने-रुपे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातले, तरी डोळ्याचे पारडे खालीच. ज्ञानी लोकांनी सांगितले की हा माणसाचा डोळा आहे, तो कधी भरत नाही. मग त्यावर चिमूटभर माती टाकली, आणि पारडे लगेच वर गेले.

त्याच तालमुदात, याच कथेच्या आधी, सिकंदर दक्षिणेकडच्या ज्ञानवृद्धांना दहा प्रश्न विचारतो. शहाणा कोण, बलवान कोण, श्रीमंत कोण, लोकप्रिय कसे व्हावे. बलवान तो ज्याने आपल्या वासना जिंकल्या, असे त्याला सांगितले जाते. आणि लोकांना हवेसे व्हायचे तर सत्तेचा तिटकारा धर, असेही. प्लूटार्क अशीच दहा जणांची प्रश्नोत्तरे सांगतो, पण तिथे उत्तरे देणारे भारतातले दिगंबर साधू आहेत. एरियनकडे तर आपल्या साधूंनी सिकंदराला पाहताच नुसते जमिनीवर पाय आपटले असे आहे. कारण विचारल्यावर ते म्हणाले की माणूस उभा राहतो तेवढीच जमीन त्याची, आणि मेल्यावर पुरण्यापुरती. सिकंदराने त्यांचे कौतुक केले आणि वागला मात्र नेमका उलट, अशी पुस्ती एरियन जोडतो.

आता पानाचा तो भाग, जो राजाने वाचला नाही. सिकंदराचा मुलगा त्याच्या मृत्यूनंतर जन्मला. सत्तेच्या झटापटीत तो पोर आणि त्याची आई रोक्साना दोघांचाही खून झाला. सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले. यहूदा प्रांत आधी इजिप्तच्या टॉलेमींकडे गेला. त्या काळात अलेक्झांड्रियात ज्यू वस्ती वाढली आणि हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले, हे विजयाचे एक चांगले फळ म्हणावे लागेल. नंतर, इ. स. पू. २०० च्या सुमारास, तो प्रांत सिरियाच्या सेल्युकसवंशी राजांकडे गेला. त्यांच्यापैकी चौथा अँटायोकस, राज्यकाळ इ. स. पू. १७५ ते १६४, म्हणजेच दानीएलाचे लहान शिंग असे मानतात. त्याने मंदिरात परक्या देवाची वेदी उभारली, शब्बाथ पाळण्यावर आणि मुलांची सुंता करण्यावर बंदी घातली, मोडणाऱ्यांना ठार केले. मक्काबी बंधूंनी बंड केले आणि इ. स. पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केले. हनुक्काचा दिव्यांचा सण त्याची आठवण आहे. या बंडाचा इतिहास सांगणारा मक्काबींचा पहिला ग्रंथ सुरू होतो तो सिकंदरापासून. त्याने किती जिंकले आणि त्याचे हृदय कसे फुगले हे थोडक्यात सांगून लेखक त्याला लगेच आजारी पाडतो, मारतो आणि पुढे जातो.

न वाचलेला अर्धा भाग असा दुसऱ्यांच्या वाट्याला आला. त्याचे एक टोक आपल्या कोकणात येते. बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज सांगतो की अँटायोकसच्या छळाच्या काळात त्यांचे पूर्वज मायदेशातून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचे गलबत फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते आले त्या काळाबद्दल इतिहासकारांची मते वेगवेगळी आहेत, पण समाजाची आठवण ही आहे, आणि हनुक्का हा सण आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता, कारण तो सुरू होण्याआधीच ते निघाले होते, असेही त्यांच्यात सांगितले जाते. ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू विसरली, एक छोटी प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांची आडनावे लागली, तेल गाळण्याचा धंदा हाती आला. पण मुलांची सुंता ते आठव्या दिवशी करत राहिले, आणि आठवड्यातून एक दिवस त्यांचा घाणा बंद असे. शेजारच्या गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले, शनिवार तेली.